खाचेत बसली, पण पटलं का?

‘डिस्क खाचेत बसली म्हणजे चालणारच की!’ असं आपल्याकडचे दुकानदार बिनदिक्कत सांगतात. घरच्या संगणकापुरतं ते बहुतेक वेळा खरंही असतं. सर्व्हरचं मात्र तसं नाही. तिथं मध्ये रेड कंट्रोलर नावाचं कार्ड बसलेलं असतं. तीन-चार डिस्कांची मोट बांधून ते एकच मोठी डिस्क असल्यासारखं दाखवतं, आणि एखादी गेली तरी उरलेल्यांवर काम निभावून नेतं. हे कार्ड फार शिस्तीचं. ठरलेल्या वेळात उत्तर आलं नाही, तर डिस्कला सरळ पंगतीतून उठवतं.

आमच्या भागातल्या एका पतसंस्थेत गेल्या वर्षी हेच चाललं होतं. ठेवी, कर्जं, रोजची पिग्मी, सगळं एका जुन्या सर्व्हरवर. वेग वाढावा म्हणून जुन्या हार्ड डिस्क काढून घरगुती वापराच्या स्वस्त एसएसडी बसवल्या. दहा-बारा दिवस गेले की एकीवर पिवळा दिवा. दुकानदारानं दोन वेळा डिस्क बदलून दिली. तिसऱ्यांदा काउंटरवरच्या अक्कांचा मला फोन आला, ‘मत्त होत्री, सर!’

गंमत अशी, की ‘मेलेली’ म्हणून काढलेली डिस्क साध्या संगणकाला लावली तर ठणठणीत चालत होती. मग दोष कुणाचा? सर्व डेटाची प्रत आधी बाहेर घेतली, ती उघडून पाहिली, आणि मगच डिस्कांच्या जागा बदलल्या. दोष डिस्कबरोबर दुसऱ्या खाचेत गेला तर डिस्क खराब. त्याच खाचेत राहिला तर वायर किंवा डिस्का ज्या पाटीवर बसतात ती पाटी खराब. इथं मात्र आज ही, उद्या ती, कुठल्याही खाचेतली कुठलीही डिस्क गळत होती. कार्डाच्या नोंदवहीत प्रत्येक वेळी एकच तक्रार : उत्तर वेळेत आलं नाही.

कारण साधं आहे. एसएसडीला अधूनमधून स्वतःच्या घरातला केर काढावा लागतो. कुठली फाइल पुसली हे संगणक तिला कळवत असतो, म्हणून ते काम सोपं जातं. रेड कार्ड मध्ये आलं की हा निरोप बहुतेक वेळा तिच्यापर्यंत पोचतच नाही. मग बिचारी केर काढताना थबकते, आणि कार्डाला वाटतं, गेली! शिवाय वीज गेल्यावर अर्धवट लिहिलेलं पुरं करण्यापुरती शक्ती साठवणारे कपॅसिटर सर्व्हरच्या चांगल्या डिस्कांत असतात, स्वस्त डिस्कांत ते सहसा नसतात. आपल्याकडच्या विजेचा भरवसा धरून हिशेब ठेवणाऱ्यांनी याचा विचार करावा.

कार्डाचं फर्मवेअर, म्हणजे त्याच्या पोटातली आज्ञावली, आम्ही नवी केली. फरक पडला नाही. शेवटी कार्डाच्या कंपनीनं तपासून मान्य केलेल्या यादीतल्याच डिस्का घेतल्या. किंमत जवळजवळ दुप्पट. सेक्रेटरी काका कुरकुरले, पण त्यानंतर पिवळा दिवा लागलेला नाही.

यादी म्हणजे कंपन्यांचा धंदा, असंही काही जण म्हणतात. त्यात तथ्य नाही असं नाही. डेलनं २०१० मध्ये आपल्या नव्या कार्डांवर दुसऱ्यांच्या डिस्का चालूच दिल्या नव्हत्या. ग्राहक भडकले तेव्हा माघार घेतली. पण यादीतली डिस्क घेतली म्हणून झोपावं, असंही नाही. हेवलेट पॅकार्ड एंटरप्राइजनं नोव्हेंबर २०१९ मध्ये स्वतःच जाहीर केलं, की त्यांच्या काही एसएसडी ३२,७६८ तास चालल्या की कायमच्या बंद पडतील. म्हणजे ३ वर्षं, २७० दिवस, ८ तास. दोष फर्मवेअरमधला. एकाच दिवशी बसवलेल्या चार डिस्का जवळजवळ एकाच वेळी गेल्या, तर रेड काय करणार? उपाय एकच होता, वेळेआधी नवं फर्मवेअर घालणं. मार्च २०२० मध्ये अशीच दुसरी सूचना आली, या वेळी ४०,००० तासांची.

एक गोष्ट मात्र आजच कागदावर लिहून सर्व्हरला चिकटवा. दुसरीकडची डिस्क लावल्यावर पडद्यावर ‘फॉरेन कॉन्फिगरेशन’ असा निरोप आला, तर घाईनं ‘क्लिअर’ दाबू नका. त्या डिस्कांवर कुठलं काय आहे याची नोंद त्यानं पुसली जाते. ‘इनिशियलाइज’ला तर हातच लावू नका. सर्व्हर तसाच राहू द्या, कुठल्या खाचेत कुठली डिस्क होती ते लिहा, आणि जाणकाराला बोलवा. पतसंस्थेत ही चिठ्ठी अक्कांनी मराठीत लिहिली, खाली कन्नडमध्येही लिहिली, कारण रात्रीचा वॉचमन कन्नडच वाचतो.