सासवण्याची म्हैस

गेटवेहून सुटलेली लाँच मांडव्याला लागते आणि मुंबईकर थेट अलिबागचा किनारा गाठतात. खरं तर सुरमईची थाळी. वाटेत सासवणे लागतं. शिल्पकार विनायक पांडुरंग ऊर्फ नानासाहेब करमरकर यांचं घर तिथं शिल्पालय म्हणून उभं आहे, पण गाडी थांबवतो कोण?

आवारात एक म्हैस आहे. सिमेंटची. पाठीवर थाप मारावीशी वाटेल, इतकी खरी.

स्पेनमधल्या फिगेरसला जायला मात्र लोक विमानाची तिकिटं काढतात. साल्वादोर दालीनं १९७४ साली आपल्या या जन्मगावी, यादवी युद्धात जळालेल्या नाट्यगृहात संग्रहालय उघडलं. तिथं कॅडिलॅक गाडीच्या आत पाऊस पडतो! दाली अतिवास्तववादी, सासवण्यात मात्र वास्तवच इतकं पुढं जातं की पाहुणा चपापतो.

करमरकर १८९१ सालचे, याच गावचे. देवळाच्या भिंतीवरचं त्यांचं चित्र कुलाब्याचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या नजरेस पडलं आणि पोर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये पोचलं. पुण्यातला शिवरायांचा भव्य अश्वारूढ पुतळा त्यांचाच. १९२८ साली त्याचं अनावरण झालं. पुढं पद्मश्रीही मिळाली.

शाळांच्या सहली हल्ली वॉटर पार्कला जातात. त्यातल्या निम्म्या तरी सासवण्याला वळवाव्यात. मुलांना कलेचा इतिहास आधी समजावायची गरज नाही. म्हशीसमोर उभं करावं, बस्स.