ओटी मॅडम

"अकरा वाजता ओटी मॅडम येतील, थांबा," असं सिस्टर म्हणाल्या आणि माझ्या पोटात गोळा आला. ओटी म्हणजे ऑपरेशन थिएटर, एवढंच आपल्याला ठाऊक! ताईची मुलगी ३१ व्या आठवड्यातच जन्मलेली, बारा दिवस एनआयसीयूतल्या काचेच्या पेटीत. आता ऑपरेशन की काय?

मॅडम आल्या. ऑक्युपेशनल थेरपिस्ट. म्हटलं, सव्वा किलोच्या जिवाचं कसलं आलंय ऑक्युपेशन? त्या हसल्या. "मामा, झोपणं, दूध ओढणं, आईला ओळखणं. एवढीच कामं आहेत तिला, पण सध्या तीच जड जातायत."

मग त्यांनी चादरीच्या गुंडाळीचं घरटं केलं, पोटात असताना असतात तसे हातपाय मुडपून राहावेत म्हणून. डोळ्यांवर येणारा उजेड कमी केला. पेटीवर टकटक करू नका म्हणाल्या (तो उद्योग माझाच!). बाळाने बोटं ताठ फाकवली, रंग बदलला, उचक्या लागल्या, तर समजायचं, तिला आता पुरे झालंय. चोखणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ साधारण ३२ ते ३४ आठवड्यांच्या सुमारास बसू लागतो, त्यामुळे दुधाची घाई नको. शेवटी ताईला दाखवलं: एक तळवा डोक्याशी, एक पायांशी. गोंजारायचं नाही, नुसता स्थिर ठेवायचा. बारा दिवसांत ताईने लेकीला पहिल्यांदा हात लावला. मी मॅनेजरचा फोन आल्याचं नाटक करून बाहेर सटकलो.

माझा प्रश्न एवढाच, बारावा दिवस का? तर म्हणे मॅडम बाहेरून येतात, आठवड्यातून दोनदा, कुणी बोलावलं तर. आपल्याकडे टेस्टरला रिलीजच्या आदल्या रात्री बोलावतात ना, तसंच.

"आधी जीव वाचू दे, मग हे लाड," असं एक काका म्हणाले. पण हे लाड नाहीत हो. १९७८ मध्ये कोलंबियात, बोगोटाला इन्क्युबेटर अपुरे पडले म्हणून बाळांना आईच्या छातीशी ठेवायला सुरुवात झाली. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं की गंभीर अपवाद सोडले, तर कमी दिवसांच्या बाळांना हे जन्मानंतर लगेच सुरू करा, दिवसाचे ८ ते २४ तास. म्हणजे स्पर्श हाही उपचारच. फक्त नळ्या-वायरींच्या जंजाळात तो कसा करायचा, हे घाबरलेल्या आईला कुणीतरी शिकवायला हवं.

बरं, हा विषय आपल्याला नवा आहे का? कमला निंबकरांनी मुंबईत केईएममध्ये ऑक्युपेशनल थेरपीचं शिक्षण १९५० मध्येच सुरू केलं. आणि २०२० या एका वर्षात भारतात सुमारे ३० लाख बाळं वेळेआधी जन्मली. म्हणून म्हणतो, मोठ्या एनआयसीयूत ओटी पहिल्या दिवसापासून टीममध्ये असावी. छोट्या हॉस्पिटलांनी निदान आपल्या सिस्टरना तिच्याकडून शिकवून घ्यावं. आणि तुमच्यावर कधी अशी वेळ आलीच, तर लाजू नका, पहिल्याच दिवशी विचारा.

भाची आता दोन वर्षांची आहे, माझ्या लॅपटॉपच्या मागे लागते. हे ओटीमुळे झालं असं मी म्हणणार नाही. डॉक्टर, सिस्टर, मशिन्स सगळ्यांनीच तिला वाचवलं. पण ताईला त्या दिवसांबद्दल विचारा, ती आधी त्या दोन तळव्यांचंच सांगते.