पहिलीत मूल नेमकं काय शिकतं?

परवा नातीचं दप्तर उघडून बसले होते. मुलगा-सून कामावर, शाळेला सुट्टी, घरात आम्ही दोघीच. ती इंग्रजी माध्यमात पहिलीला आहे. "आजी, वाचून दाखवू?" म्हणाली आणि इंग्रजीच्या पुस्तकातलं अख्खं पान धडाधड वाचून मोकळी झाली. मी सुखावले. पण जुनी खोड जाते कुठे? मधल्याच एका शब्दावर बोट ठेवलं आणि विचारलं, "हा कुठला गं?"

पोरगी थबकली. मग ओठांतल्या ओठांत पहिल्या ओळीपासून पुटपुटत निघाली आणि त्या शब्दापाशी पोचल्यावर मोठ्यानं बोलली. उत्तर बरोबर! पण मंडळी, हे वाचन नव्हे, हे पाठांतर. माझा चेहरा बघून तिनं हळूच सांगितलं, "टीचरना नको हं सांगूस."

त्या वाक्यानं माझी दोन दिवस झोप उडाली. पहिलीचं वर्ष अजून अर्धं व्हायचंय, आणि 'येत नाही' हे लपवायचं कसं, एवढं मात्र तिचं पक्कं शिकून झालंय.

मी चौतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं, त्यातली अकरा पहिलीवर. तेव्हा आधी माझ्याच पदरातलं माप मोजते. बीड जिल्ह्यात असताना माझ्या वर्गात एक मुलगा होता. दिवाळीनंतर आईबापाबरोबर ऊसतोडीला जायचा, उन्हाळ्याच्या तोंडाला परत यायचा. मी वर्गाकडून एका सुरात धडा म्हणून घ्यायची आणि हाही सगळ्यांबरोबर तोंड हलवायचा. शांत, गुणी पोर. पुढे तो तिसरीत गेल्यावर एकदा त्याला एकट्याला उभं केलं, तर एक अक्षर वाचता येईना. दोन वर्षं तो नुसते ओठ हलवत होता, आणि मी त्या सुरावर खूश होते. मी त्याला रागावले, ते वेगळंच. रागवायला हवं होतं ते स्वतःला.

म्हणून म्हणते, पहिलीत मूल अक्षरं शिकतं हे अर्धंच खरं. त्याआधी ते दोनातली एक गोष्ट शिकतं. एक तर 'मला येतं', नाही तर 'मला येत नाही हे कोणाला कळता कामा नये'. पुढची सगळी वर्षं याच पायावर उभी राहतात.

आता बघा, सहा वर्षांच्या जीवापुढे आपण काय काय वाढून ठेवतो. आपली बाराखडीच आधी कमी अवघड आहे का? 'कि' म्हणताना क आधी, पण लिहिताना वेलांटी आधी. च एकच, पण 'चाक'मधला वेगळा आणि 'चिमणी'मधला वेगळा. 'पंचवीस' ऐकलं की कानावर पाच आधी येतो, म्हणून मूल ५२ लिहितं. एकोणतीसमध्ये तर दोनाचा पत्ताच नाही! २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असं वाचन आलं तेव्हा केवढी टिंगल झाली. टिंगल करणाऱ्यांपैकी कितीजण लहान मुलाशेजारी पाटी घेऊन बसले होते, कोण जाणे.

त्यात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आलं. इंग्रजी शाळेतल्या माझ्या नातीची तऱ्हा उलटी, पण हाल तेच. मराठीच्या तासाचा चार गणिताच्या तासाला आठासारखा दिसतो आणि मराठी एक तर थेट इंग्रजी नऊच. एवढ्यावर भागलं नाही म्हणून एप्रिल २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदीचा आदेश निघाला. ओरड झाली, जूनअखेर तो मागे घेतला गेला. भांडण अस्मितेवरून झालं. माझं भांडण निराळं आहे. हिंदीशी माझं वैर नाही, इंग्रजीशी तर मुळीच नाही. मी विचारते ते इतकंच, की हे सगळं त्या एकाच वर्षात कशाला?

सरकारचाच 'निपुण भारत' कार्यक्रम २०२१ मध्ये सुरू झाला. तो म्हणतो, तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं आणि साधी आकडेमोड यावी. म्हणजे या दोन गोष्टींना तीन वर्षं लागतात हे तुम्हालाच मान्य आहे ना? मग पहिल्याच पायरीवर डोक्यावर तिसरी घागर कशाला?

माझी सून म्हणते, "आई, लहानपणी मुलं भाषा पटकन उचलतात." अगदी बरोबर! पण उचलतात ती कानानं आणि तोंडानं. गाणी, गोष्टी, खेळ... चार भाषा ऐकू द्या. वही, शुद्धलेखन आणि गुण आले की ते उचलणं संपतं आणि ओझं सुरू होतं. आपल्या तोंडातला शब्द कागदावर उतरतो आणि कागदावरून परत तोंडात येतो, ही जादू एकदा घरच्या भाषेत कळली, की दुसऱ्या लिपीत ती नव्यानं शिकावी लागत नाही. फक्त खुणा बदलतात.

आणि एक. कित्येक शाळांत पहिलीचा वर्ग सर्वांत नवख्या बाईंच्या गळ्यात मारतात, जाणत्यांना वरचे वर्ग. हे उफराटं आहे. कोणाचे ओठ नुसतेच हलताहेत हे ओळखायला मुरलेली नजर लागते. मला ती यायला किती वर्षं लागली ते वर सांगितलंच.

असो. सूनबाई हे वाचणार आहे, म्हणून स्पष्टच लिहिते. शाळा बदल, असं मी म्हणत नाही. रोज अर्धा तास मात्र मला दे. काल सुरुवात केलीच आहे. "तुला हवं ते एक वाक्य सांग, आणि तेच लिही," म्हटलं. बराच वेळ पेन्सिल चावून तिनं लिहिलं, 'आजि घोरते'. मग मी न विचारताच 'घोरते'वर बोट ठेवून वाचून दाखवलं आणि खो खो हसली.

जीची वेलांटी चुकली होती. मी लाल पेन उचललं नाही.

तुमच्या घरी पहिलीतलं मूल असेल तर आज पुस्तकाच्या मधल्याच एका शब्दावर बोट ठेवून बघा. आलं नाही तर रागावू नका, आणि कोणाला सांगूही नका. शेजारी बसा.