नव्या गाडीला काय लावावे?

आम्ही क्रूझर घेतली, असे शाळेत शिक्षकांच्या खोलीत सांगितले आणि दोन दिवसांत मोहल्ल्यात बातमी फिरली की सरांनी प्रवासी जीपचा धंदा सुरू केला. लोकांची चूक नाही. आपल्या मराठवाड्यात क्रूझर म्हणजे फोर्स कंपनीची ती लांबलचक जीप, जिच्यात अर्धे वऱ्हाड आत आणि सामान टपावर असते. एका पालकाने तर वलीम्याच्या तारखेला गाडी रिकामी आहे का, असेही विचारून घेतले.

आमची क्रूझर दोन चाकांची आहे. रॉयल एनफिल्डची मीटिअर ३५०, नोव्हेंबर २०२० मध्ये बाजारात आलेले मॉडेल. अशा मोटारसायकलींना क्रूझर म्हणतात ते त्यांच्या बैठकीमुळे. सीट जमिनीपासून ७६५ मिलिमीटर, म्हणजे जेमतेम अडीच फुटांवर. हँडल अंगाकडे आलेले, पाय थोडे पुढे. माणूस खुर्चीत बसल्यासारखा ताठ बसतो. पंचेचाळिशीत कंबर बोलायला लागली की या बैठकीची किंमत कळते. भिशी लागली, व्याजाच्या भानगडीत पडावे लागले नाही, आणि गाडी दारात आली. थोरली आपा लातूरला असते. लोहा, अहमदपूर, चाकूर करत नांदेडहून जवळपास दीडशे किलोमीटर. महिन्यातून एकदा तरी तो रस्ता तुडवावाच लागतो.

गाडी आल्याचे कळताच आपाचा मुलगा लातूरहून हजर. पॉलिटेक्निकला आहे, अठरा वर्षांचा. त्याने मोबाइलवर यादीच करून आणली होती. पहिला नंबर सायलेन्सरचा. "मामू, आवाजच नै इसकू. बुढ्ढों की गाडी लगरी," असे त्याचे मत. आम्ही म्हटले, बरोबर आहे, बुढ्ढ्यानेच घेतली आहे. मग त्याला कायदा सांगितला. कंपनीने दिलेल्या गाडीत मनाने फेरफार करायला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ने मनाई आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक फेरफाराला ५००० रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. त्याला दंडाचा आकडा पटला. गल्लीतल्या आजारी माणसांचे, तान्ह्या मुलांचे आम्ही आधी सांगून पाहिले होते, ते पटले नव्हते.

यादीतला दुसरा नंबर पुढे सांगतो. आधी आम्ही काय लावले ते सांगतो, कारण गेल्या महिन्यात तीन-चार वाचकांनी हेच विचारले आहे.

सर्वांत आधी पुढचा लेगगार्ड. ही गाडी १९१ किलोची आहे. उभ्या जागी कलंडली तरी पाय खाली सापडला तर मोडतो. गार्ड असला की गाडी त्याच्यावर टेकते. मात्र तो चेसिसच्या मूळ बोल्टांना बसणारा घ्यावा. वेल्डिंग करून बसवलेला नको.

मग पुढची काच. दीडशे किलोमीटर छातीवर वारा घेतला की संध्याकाळी खांदे भरून येतात. काचेने ते थांबले. मेमध्ये लोह्याच्या पुढे जी झळ लागते तिचे मात्र काच काही करू शकत नाही. त्यासाठी फजरनंतर लगेच निघणे हाच उपाय.

जादा दिव्यांवर आमचे आणि भाच्याचे बरेच वाजले. पांढरे झगझगीत दिवे लावले की आपल्याला दिसते, पण समोरच्याचे डोळे दिपतात आणि तो आपल्याच अंगावर येतो. शिवाय मिस्त्रीने मूळ वायरिंग कापून जोड दिला तर कंपनी वॉरंटी नाकारते. लावायचेच तर फ्यूज आणि रिले घालून, तोंड खाली करून लावावेत. आमची खरी भीती वेगळी आहे. कारखाने सुरू झाले की लातूरकडच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या असतात. मागे ना लाल दिवा, ना रिफ्लेक्टर, आणि टपाबाहेर आलेला ऊस. म्हणून आम्ही दिव्यांऐवजी मागच्या मडगार्डला आणि हेल्मेटला चमकणारी पट्टी चिकटवली आणि मगरिबच्या आत मुक्कामी पोहोचायचे ठरवले. आजवर दोनदा उशीर झाला, दोन्ही वेळा अहमदपूरला थांबलो.

मोबाइलचा स्टँड लावला नाही. इंजिनाच्या कंपनाने फोनचा कॅमेरा बिघडू शकतो, असा इशारा खुद्द अ‍ॅपल कंपनीने २०२१ मध्ये दिला होता. आमचा फोन अ‍ॅपलचा नाही, पण नांदेडहून लातूरला जायला नकाशा कशाला लागतो? त्याऐवजी पंक्चरचा संच आणि हातपंप घेतला. ट्यूबलेस टायर असल्याने चाक न खोलता काम होते. माळाकोळीच्या पुढे एकदा खिळा लागला तेव्हा पंधरा मिनिटांत निघालो.

आता मागच्या सीटचे बोलू. गाडीला सामान लावताना बहुतेक पुरुष पुढे बसणाऱ्याचाच विचार करतात, आम्हीही केला होता. दुकानदाराने मागे टेकू लावून दिला. दोन्हीकडे पाय टाकून बसणाऱ्याला तो उत्तम. पण एका बाजूला बसणाऱ्या बाईच्या डाव्या कोपराला तो टोचतो. बेगमने पहिल्याच फेरीनंतर काढायला लावला. म्हणून खटक्याने निघणारा असेल तोच घ्यावा. हेल्मेट तिच्यासाठी वेगळे घेतले, आयएसआय खुणेचे. डोक्यावर स्कार्फ असेल तर तो पातळ सुती असावा, त्यात टाचणी नसावी आणि अंबाडा मानेपाशी खाली घ्यावा. नाहीतर हेल्मेट वरच राहते आणि पट्टा नीट लागत नाही. दुकानात जाताना स्कार्फ बांधूनच मापाला जावे.

भाच्याच्या यादीतला दुसरा नंबर होता साडीगार्ड काढण्याचा. मागच्या चाकाच्या डाव्या बाजूची जाळी. "मामू, इससे गाडी दूधवाले की दिखती." त्याने पाना हातात घेतलासुद्धा होता. आम्ही तो काढून घेतला, जरा जोरातच. तो बघतच राहिला.

त्याला माहीत नव्हते. आईचा डावा हात खांद्याच्या वर जात नाही, ती गाडीवरून पडली होती, एवढेच त्याला ठाऊक. ही २००९ ची गोष्ट. तेव्हा आमच्याकडे शंभर सीसीची गाडी होती. दूधवाल्याची दिसते, असे आमचेही मित्र म्हणाले होते, अगदी याच शब्दांत, आणि आम्ही जाळी काढून माळ्यावर टाकली होती. आपा ईदला आली होती. तिला मागे बसवून लोह्याकडे निघालो. सोनखेडच्या अलीकडे तिच्या बुरख्याचे टोक चाकात गेले. वेग तीसही नसेल. पण कपडा एकदा आऱ्यांत आणि चेनमध्ये शिरला की इंजिनाच्या सगळ्या जोराने आत ओढला जातो. ब्रेकपर्यंत पाय जाईस्तोवर माणूस खाली आलेला असतो. खांद्याजवळ हाड मोडले. दुपट्टा गळ्याभोवती असता तर काय झाले असते, ते डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन सांगितले. घरी आम्ही एवढेच म्हणालो की कपडा अडकला. आपानेही पुढे कुणाला काही सांगितले नाही. माळ्यावरची जाळी तिने पाहिली होती.

ही जाळी शोभेची किंवा ऐच्छिक वस्तू नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १२३ सांगतो की मागे बसणाऱ्यासाठी धरायला पक्की मूठ, पाय ठेवायला जागा आणि कपडे अडकू नयेत म्हणून मागचे चाक निदान अर्धे झाकणारे आवरण कंपनीने दिलेच पाहिजे. कंपनी देते, काढतो आपण. कधी सर्व्हिसिंगला मिस्त्री काढून ठेवतो आणि परत लावायला विसरतो. गाडी ताब्यात घेताना टाकीची चमक पाहण्याआधी तिथे पाहावे. आमच्या गाडीला उजवीकडून चाक उघडे होते. तिकडे सामानाची बॅग लावण्यासाठी लोखंडी चौकट बसवून घेतली, सायलेन्सरपासून चांगली वर, म्हणजे बॅगही जळत नाही आणि वाऱ्याने उडालेले टोकही चाकापर्यंत जात नाही.

हे सगळे भाच्याला सांगितले. त्याने पाना डिकीत ठेवला आणि जेवताना गप्पच होता.

पुढच्या रविवारी लातूरला गेलो. त्या दिवसानंतर आपा कधी मोटारसायकलवर बसलेली नाही, तेव्हा आम्ही काही म्हणालो नाही. चहा झाल्यावर तीच बाहेर आली. गाडीला फेरी मारली, वाकून डावीकडे पाहिले, मग उजवीकडे. म्हणाली, "तो टेकू कुठाय? पोरगा सांगत होता." टेकू बॅगेत होता, लावला. तिचा डावा हात मागची मूठ धरायला पुरत नाही. टेकूवर मात्र कोपर नीट बसले. बुरख्याची कड गोळा करून मांडीखाली घेतली, उजवा हात आमच्या खांद्यावर ठेवला आणि म्हणाली, "चल, हळू."

गंजगोलाईपर्यंत गेलो. तिथे तिने बांगड्या घेतल्या, भाचीसाठी. परत घरी सोडताना आम्ही विचारले, नांदेडला येतेस का याच गाडीवर? म्हणाली, "बायकांना एसटीत अर्धे तिकीट आहे. मी बसने येते, तू सामान घेऊन ये."