बुधवार पेठेतल्या दुकानदारांनो, गणपतीची गर्दी उसळण्याआधी हे एक सेटिंग बदला

तपकीर गल्ली, अप्पा बळवंत चौक आणि जोगेश्वरीच्या आसपासचे सर्व दुकानदार, त्यांचे हिशेबनीस, परीक्षांचे फॉर्म भरून देणारे कॅफेवाले आणि काउंटरवर बसणारी मुलंमुली, या सगळ्यांना हे तातडीचं आवाहन आहे.

तुमच्या दुकानातल्या कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये बिटवॉर्डन, वनपासवर्ड किंवा तसल्याच एखाद्या पासवर्ड मॅनेजरचं एक्स्टेन्शन असेल, तर ते किती वेळाने आपोआप लॉक होतं हे आजच, शटर ओढण्यापूर्वी पाहा. ‘नेव्हर’ दिसलं तर लगेच बदला. ‘ऑन ब्राउझर रीस्टार्ट’ दिसलं तरीही बदला.

पासवर्ड मॅनेजर वापरता हे चांगलंच करता. की-बोर्डच्या पोटाला चिकटवलेल्या चिठ्ठीपेक्षा आणि दुकानाच्या नावापुढे एक-दोन-तीन लावून बनवलेल्या पासवर्डपेक्षा ते शंभरपट बरं. पण हे एक्स्टेन्शन बहुधा मुलाने किंवा भाच्याने बसवून दिलेलं असतं. दर थोड्या वेळाने तो लांबलचक मास्टर पासवर्ड टाइप करायचा कंटाळा येतो आणि मग कुणीतरी कायमचं उघडं ठेवून टाकतं. माळ्यावर माल काढायला जातानाही गल्ल्याची किल्ली कनवटीला लावणारी ही माणसं. पण बँक, जीएसटी, ईमेल, ऑनलाइन विक्रीची खाती, सगळं ज्यात आहे ते मात्र सताड उघडं.

‘ब्राउझर बंद झाला की लॉक होईल’ हे ऐकायला ठीक वाटतं. पण दुकानात ब्राउझर बंद करतो कोण? बिलिंग त्यातच, व्हॉट्सॲप त्यातच. रात्री मॉनिटरचं बटण दाबलं की आपण कॉम्प्युटर बंद केला असं समजतो. आतलं यंत्र चालूच राहतं. शिवाय काही ब्राउझर खिडकी बंद केल्यावरही पडद्यामागे चालू राहतात, म्हणजे रीस्टार्ट होतच नाही.

आता हे तातडीने सांगण्याचं कारण. गणपती तोंडावर आलेत. तपकीर गल्लीत रोषणाईच्या माळा घ्यायला पाय ठेवायला जागा उरत नाही, दगडूशेठ आणि तांबडी जोगेश्वरीच्या दर्शनाची गर्दी दुकानांच्या पायऱ्यांपर्यंत येते, आणि हंगामापुरती दोन पोरं काउंटरवर वाढवावी लागतात. त्या पोरांवर संशय घ्यायचं कारण नाही. पण ज्या कॉम्प्युटरवर माळेचं बिल बनतं, त्याच कॉम्प्युटरवर एका क्लिकसरशी मालकाची सगळी खाती उघडतात, हे त्या पोरांच्याही हिताचं नाही. उद्या काही झालंच, तर पहिलं नाव त्यांचंच निघेल.

यावर हमखास उत्तर मिळतं, “बँकेला ओटीपी लागतो हो!” लागतो. पण तो ज्या मोबाइलवर येतो, तो त्याच काउंटरवर चार्जिंगला लावलेला असतो. आणि बँक राहू द्या. तुमच्या ईमेलमध्ये शिरलेला माणूस तुमच्याच नावाने गिऱ्हाइकांना ‘आमचा खाते क्रमांक बदलला आहे’ असं कळवू शकतो, आणि इतर बऱ्याच खात्यांचे पासवर्ड त्याच ईमेलवरून बदलून घेऊ शकतो. काहींनी डिजिटल सहीचा पिनसुद्धा मॅनेजरमधल्या नोंदीत लिहून ठेवलाय, आणि सहीचा डोंगल चोवीस तास यूएसबीला खोचलेला. याला काय म्हणावं!

धोका फक्त काउंटरवर हात पोहोचणाऱ्यांचाच आहे असंही नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये लास व्हेगासच्या डेफ कॉन परिषदेत मारेक टोथ या संशोधकाने ११ पासवर्ड मॅनेजरांची एक्स्टेन्शनं तपासून दाखवलं, की लबाड वेबपेजवर केलेल्या साध्या क्लिकमधून कार्डाचा क्रमांक किंवा वैयक्तिक माहिती परस्पर भरून घेता येते. अनेक कंपन्यांनी नंतर दुरुस्त्या केल्या, म्हणून एक्स्टेन्शन अद्ययावत ठेवा. पण ही चाल चालते ती मॅनेजर उघडा असेल तरच.

पुणेकरांना ऑगस्ट २०१८ आठवत असेल. कॉसमॉस बँकेतून सायबर हल्ल्यात सुमारे ९४ कोटी रुपये गेले, बहुतेक परदेशांतल्या एटीएममधून. तो हल्ला बँकेच्या यंत्रणेवर होता आणि खातेदाराच्या हातात त्यात काहीच नव्हतं. इथे सगळं आपल्याच हातात आहे.

करायचं ते असं. एक्स्टेन्शनच्या सेटिंग्जमध्ये सुरक्षेचा भाग उघडा. तिथे ‘ऑटो-लॉक’, ‘व्हॉल्ट टाइमआउट’ किंवा ‘सेशन टाइमआउट’ असं काहीतरी सापडेल. दुकानातल्या कॉम्प्युटरला पाच मिनिटं ठेवा. कॅफेवाल्यांनी एकच मिनिट. बिटवॉर्डनमध्ये हा वेळ एक्स्टेन्शनला शेवटचा हात लावल्यापासून मोजतात, तुम्ही माउस हलवताय की नाही यावरून नाही. त्यामुळे बिलं करत बसलात तरी ते आपलं आपण लॉक होईल. तसंच व्हायला हवं.

वेळ संपल्यावर ‘लॉक’ व्हायचं की ‘लॉगआउट’, हेही तिथेच विचारतात. स्वतःच्या कॉम्प्युटरवर लॉक पुरे. लॉगआउट केलं तर दर वेळी पूर्ण लॉगइन करावं लागतं. दुकानात ते चार दिवससुद्धा टिकणार नाही आणि गाडी पुन्हा ‘नेव्हर’वर येईल. मास्टर पासवर्डचा फारच जाच होत असेल तर पिन ठेवा. बिटवॉर्डनमध्ये पाच वेळा चुकीचा पिन पडला की ते लॉगआउट होतं. मात्र ब्राउझर नव्याने सुरू झाल्यावर मास्टर पासवर्ड मागण्याचा पर्याय चालू ठेवा, आणि पिन म्हणून दुकानाच्या फोनचे शेवटचे चार आकडे नकोत. ते पाटीवरच रंगवलेले आहेत.

मोबाइलवर हे सेटिंग केलं म्हणजे दुकानात झालं असं नाही. प्रत्येक यंत्रावर, प्रत्येक ब्राउझरमध्ये ते वेगळं बघावं लागतं. वरच्या मजल्यावरचा हिशेबनिसाचा जुना लॅपटॉप विसरू नका. आणि जागेवरून उठताना विंडोजची कळ आणि एल एकत्र दाबा, पूर्ण पडदाच लॉक होतो.

कॅफेवाल्यांना वेगळी विनंती. एमपीएससीचा फॉर्म भरायला आलेल्या मुलाने तुमच्या कॉम्प्युटरवर स्वतःचा मॅनेजर उघडला, तर त्याला लॉक नाही, लॉगआउटच करायला लावा, आणि तो उठल्यावर एक्स्टेन्शन काढून टाका. तुमची स्वतःची खाती गिऱ्हाइकांच्या कॉम्प्युटरवर मुळीच नकोत.

कुणी आत शिरल्याची शंका आली तर मोबाइलवरून किंवा दुसऱ्या, खात्रीच्या यंत्रावरून आधी मास्टर पासवर्ड बदला आणि सगळीकडचं लॉगइन रद्द करा. मग ईमेलचा पासवर्ड, मग बँकेचा. पैसे गेले असतील तर हा क्रम सोडा आणि पहिल्यांदा १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन लावा. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम वाटेत अडवली जाण्याची शक्यता जास्त. तक्रारीसाठी फरासखाना पोलीस ठाणे आपल्याच पेठेत आहे. जाताना व्यवहाराचा संदेश, वेळ आणि खात्याचा उतारा बरोबर न्या, आणि तोवर त्या कॉम्प्युटरवरचं काही पुसू नका.