आधी हसणे थांबवा!

दिवाळीच्या फराळाला पाहुणे जमले की घरोघर एक प्रयोग हटकून होतो. "काकांना पोएम म्हणून दाखव," असा हुकूम सुटतो आणि चिरंजीव चकलीचा तुकडा गालात सारून एका दमात इंग्रजी कविता म्हणून मोकळे होतात. आईबाप धन्य! त्याच चिरंजीवांना काकांनी "व्हॉट डिड यू ईट टुडे?" एवढेच विचारून पाहावे. पोपट गप्प.

महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून आहे. म्हणजे दहावीपर्यंत दहा वर्षे! एवढे शिकूनही तोंड का उघडत नाही? पालक म्हणतात, व्याकरण कच्चे. क्लासवाले म्हणतात, शब्दसंग्रह अपुरा. मी म्हणतो, दोष आपल्या हसण्याचा आहे.

हिंदीचेच पाहा ना. मुंबईच्या लोकलमध्ये आपण जी हिंदी बोलतो ती ऐकून व्याकरणाने केव्हाच जीव दिला असता. "हमको उधर उतरने का है," असे आपण खुशाल ठोकून देतो. समोरच्याला कळते, आणि बोलता बोलता हिंदी सुधारतेही. मग इंग्रजीच्या वेळीच घशाला कोरड का? कारण हिंदी आपण कामासाठी बोलतो आणि इंग्रजी अब्रूसाठी.

त्यात आपली खोड अशी, की आधी मनात मराठी वाक्य जुळवायचे आणि मग त्याचे भाषांतर करायचे. "मी उद्या आजीबरोबर पंढरपूरला जाणार आहे," यातले "जाणार आहे" शेवटी येते. इंग्रजीला ते "मी"च्या पाठोपाठ हवे. म्हणजे गाडीचा शेवटचा डबा काढून इंजिनामागे जोडायचा, तोही गाडी चालू असताना! हे शंटिंग नियम घोकून साधत नाही. "आय ॲम गोइंग टु" हे शंभरदा तोंडातून गेले पाहिजे. मग पुढे पंढरपूर जोडा नाही तर पुणे. उच्चाराचेही तेच. 'फोटोग्राफ'मध्ये जोर पहिल्या अक्षरावर, 'फोटोग्राफर'मध्ये दुसऱ्यावर. पुस्तकात कितीही डोळे घाला, हे कानालाच कळायचे.

हे सारे मला उशिरा उमगले. एका मुलाने वर्गात उभे राहून सांगितले, "येस्टर्डे माय फादर गो टु फील्ड." मी ओरडलो, "गो नव्हे, वेंट!" वर्ग हसला. खोटे कशाला सांगू, मीही हसलो. "अस्सं? युवर फादर वेंट टु द फील्ड?" एवढे उलट विचारले असते तरी चूक आपोआप सुधारली असती आणि गप्पाही पुढे चालल्या असत्या. तो मुलगा पुन्हा वर्षभर माझ्या तासाला बोलला नाही. वार्षिक परीक्षेत मात्र त्याने 'वेंट' बिनचूक लिहिले, आणि मी त्याला गुणही दिले!

तेव्हा यंदा ती कविता राहू द्या. फराळाच्या ताटावर दहा मिनिटे घरातल्या सर्वांनी मोडकेतोडके इंग्रजी बोलावे. सुरुवात आजोबांनी करावी. त्यांची चूक काढण्याची कोणाची छाती होत नाही.