शेती शिकवण्यासाठी तोडलेल्या बागा

अमेरिकेच्या पश्चिम विस्ताराची वकिली करणारे दोन प्रकारचे असतात. ‘ज्याने जिंकली त्याची जमीन’ म्हणणाऱ्यांशी वाद घालण्यात अर्थ नाही. ते निदान सरळ बोलतात. वाद घालावा लागतो तो दुसऱ्या प्रकारच्यांशी. त्यांचे म्हणणे असे की १८६४ साली नवाहो लोकांना त्यांच्या मुलखातून हलवले हे खरे आणि त्यात माणसे मेली हेही खरे. पण नवाहो धाडी घालत, न्यू मेक्सिकोतल्या लष्कराचा प्रमुख जनरल जेम्स कार्लटन याला त्यांना स्थिर शेतकरी करायचे होते, पिके बुडाली ती दैवाने, आणि चूक उमगल्यावर सरकारने १८६८ मध्ये त्यांना परत जाऊ दिले. थोडक्यात, फसलेला पण सद्‌हेतूने केलेला प्रयोग. हे सारे समंजसपणाच्या सुरात सांगितले जाते, म्हणून ते चटकन पटते.

धाडींचे आधी पाहू. नवाहो न्यू मेक्सिकोतल्या वस्त्यांवर चालून जात, मेंढ्या पळवत, हे नाकारण्याचे कारण नाही. पण हा व्यवहार एकतर्फी नव्हता. न्यू मेक्सिकोतल्या टोळ्या नवाहो मुलखात शिरून बायकामुले धरून आणत आणि घरकामासाठी विकत. १८६५ मध्ये काँग्रेसच्या चौकशी समितीपुढे डॉ. लुई केनन यांनी अशा बंदिवान नवाहोंचा आकडा ५ ते ६ हजार असावा असे सांगितले. गुलामगिरीवरून देश नुकताच यादवी युद्धातून गेला होता! आपली लेकरे सोडवायला गेलेला आणि मेंढ्या चोरायला गेलेला, दोघेही लष्कराच्या कागदांत ‘लुटारू’च. आणि जो वाटाघाटीला बसला त्याचे काय झाले? १८४९ मध्ये कर्नल जॉन वॉशिंग्टनशी बोलणी आटोपत असताना एका घोड्यावरून बाचाबाची झाली, सैन्याने गोळ्या झाडल्या आणि वृद्ध पुढारी नारबोना मारला गेला. तो समेटाच्या बाजूचा होता.

आता तो सद्‌हेतू. कार्लटनने राजधानी वॉशिंग्टनला जे कळवले त्याचा आशय असा: या लोकांना त्यांच्या डोंगरदऱ्यांपासून दूर न्यावे, मुलांना लिहावाचायला आणि शांततेने राहायला शिकवावे, ख्रिस्ती धर्माची ओळख करून द्यावी, म्हातारी पिढी मरून जाईल आणि तिच्याबरोबर जुन्या सवयीही जातील. याच काळात तो त्या भागातल्या सोन्याबद्दलही उत्साहाने पत्रे लिहीत होता, हे त्याचे वकील सहसा सांगत नाहीत.

शेती शिकवायची होती, बरे. कोणाला? कॅन्यन दे शेयच्या उभ्या तांबड्या कड्यांच्या तळाशी नवाहो मका, गहू, भोपळे पिकवत होते. मेंढ्यांचे कळप होते, विणकाम होते आणि पीचच्या बागा होत्या. पीचचे झाड लावणारा माणूस भटका नसतो. फळ यायला वर्षे लागतात आणि ते खायला तिथेच राहावे लागते. अशा लोकांना शरण येण्यासाठी कार्लटनने २० जुलै १८६३ ही मुदत दिली. दूरदूर पांगलेल्या आणि एका राजाच्या हुकमाखाली नसलेल्या लोकांपर्यंत ती कशी पोचावी, याची चिंता कोणी केली नाही. मग कार्लटनच्या हुकमावरून कर्नल किट कार्सन सैन्य घेऊन निघाला. (त्याने आधी राजीनामा देऊ केला होता, कार्लटनने तो घेतला नाही. कादंबरीकारांना हा तपशील आवडतो. ज्यांची कणगी जळाली त्यांना त्याने काय फरक पडला?) मका कापून घोड्यांना घातला, उरलेला जाळला, मेंढ्या मारल्या किंवा हाकून नेल्या. १८६४ च्या जानेवारीत भर बर्फात त्याचे सैन्य कॅन्यनमध्ये शिरले. या मोहिमेच्या अहवालात मारलेल्यांची संख्या २३ आहे. एवढ्याने एक अख्खा समाज शरण येत नसतो. तो शरण आला तो उपासमारीने. आणि लोक शरण येऊन चालू लागल्यावर, त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात, कॅप्टन जॉन थॉम्पसनच्या तुकडीने पीचची हजारो झाडे तोडली. त्या झाडांनी कोणावर धाड घातली होती? मालकाला परत यावेसे वाटू नये एवढ्यासाठीच फळबाग तोडली जाते.

तांड्यामागून तांडे ३०० ते ४५० मैल चालवत नेले. मार्चमधल्या एका तांड्याला हिमवादळाने गाठले. मागे पडणाऱ्यांना, बाळंतपणाला आलेल्या बायकांनाही, गोळ्या घातल्याच्या आठवणी दिने घराण्यांत (नवाहो स्वतःला दिने म्हणतात) आजही सांगतात. ‘याला लेखी पुरावा कुठे आहे?’ असे विचारणाऱ्याने एवढे पाहावे, की लेखणी कोणाच्या हातात होती.

त्यांना जिथे नेऊन ठेवले त्या पेकोस नदीकाठच्या बोस्के रेडोंडोतली दुर्दशा हे म्हणे दुर्दैव. पण जागा पाहायला पाठवलेल्या लष्करी अधिकाऱ्यांच्या मंडळानेच १८६२ मध्ये कळवले होते की पाणी क्षारयुक्त आहे, सरपण दूर आहे, पुराची भीती आहे. इंडियन खात्याचे प्रांतिक प्रमुख मायकेल स्टेक यांनीही विरोध केला होता. कार्लटनने तरीही तीच जागा घेतली. तयारी सुमारे ५,००० नवाहोंची होती, आले ८,००० हून जास्त. मक्यावर अळी पडली, पुढच्या वर्षीही पडली. सरपणासाठी मेस्किटची मुळे खणून मैलोन्‌मैल पाठीवरून आणावी लागत. अनोळखी गव्हाचे पीठ लोकांनी कच्चेच खाल्ले आणि हगवणीने आजारी पडले. कॉफीचे दाणे कडधान्यासारखे शिजवत बसले. शिध्याची कागदी तिकिटे त्यांनी हुबेहूब नकलून काढली, तेव्हा लष्कराने धातूचे बिल्ले काढले. नवाहो लोहारांनी त्यांचेही जुळे पाडले. ज्यांना काही येत नाही म्हणून शिकवायला आणले होते, त्यांची ही कारागिरी. कार्लटनने धान्यासाठी वॉशिंग्टनकडे तगादा लावला, हे त्याच्या बाजूने नोंदवतो. पण कोंडून ठेवल्यावर भाकरीची चिंता करणे याला दया म्हणत नाहीत. चार वर्षांत दोन हजारांच्या आसपास माणसे तिथे दगावली असा अंदाज आहे.

शेवटचा आधार ‘परत जाऊ दिले’ याचा. मे १८६८ मध्ये वाटाघाटींना आलेल्या जनरल विल्यम शर्मनने आणखी पूर्वेकडचा इंडियन प्रदेश, म्हणजे आजचे ओक्लाहोमा, पुढे केला होता. नवाहो पुढारी बार्बोन्सितोने तो साफ नाकारला. आपल्या लोकांना चार पर्वतांच्या आतला मुलूख नेमून दिला आहे, इथे बोस्के रेडोंडोत काही लावले तरी उगवत नाही, जनावरे मरतात, आपल्या मुलखाखेरीज कुठेही जायला सांगू नका, असे त्याने सांगितले. एवढ्या माणसांना पोसण्याचा खर्च सरकारला जड झाला होताच. १ जूनला तह झाला. त्यात पूर्वीच्या मुलखाचा एक तुकडाच मिळाला, १५,००० शेळ्यामेंढ्या कबूल झाल्या आणि ६ ते १६ वर्षांची मुले शाळेत पाठवण्याची सक्ती आली. बंदिवान मुलांचा प्रश्न बार्बोन्सितोने काढला. तो तहात सुटला नाही. १८ जूनला मैलोगणती लांब रांग पश्चिमेकडे निघाली. हद्दपार केलेल्यांनी भांडून आपल्याच मुलखात परत जाण्याची अशी उदाहरणे अमेरिकेच्या इतिहासात विरळा. त्याचे श्रेय सरकारच्या औदार्याला देणे म्हणजे कैद्याच्या सुटकेबद्दल तुरुंगाचे आभार मानणे.

त्या औदार्याचा ताजा हिशेबही पाहा. नवाहो प्रदेशातल्या सुमारे एक तृतीयांश घरांत आजही नळाचे पाणी नाही. लोक ते गाडीवर पिंपे लादून आणतात. याच १८६८ च्या तहाचा आधार घेऊन नवाहो नेशन सर्वोच्च न्यायालयात गेली. जून २०२३ मध्ये निकाल लागला, ५ विरुद्ध ४ मतांनी: या तहानुसार नवाहोंना पाणी मिळवून देण्यासाठी पावले उचलण्याचे बंधन अमेरिकेच्या सरकारवर नाही.